डिचोली-साखळीची खाणसहल: निघण्यापूर्वी लोक विचारतात ते प्रश्न

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. मांडवीकाठच्या एका जेटीवर, म्हणजे खनिज बोटीत भरायच्या धक्क्यावर, वजनकाट्याच्या पावत्या फाडण्यात माझी अकरा वर्षं गेली. २०१२ साली काटा थांबला. आता रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी दहा-बारा माणसांना घेऊन लोहखनिजाचा जुना खाणपट्टा दाखवतो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

भुयारात उतरायला मिळतं का?

नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण एकदा पुण्याचं एक कुटुंब कपाळाला बांधायचे दिवे घेऊन आलं होतं. त्यांना कुणा टूरवाल्याने ‘अंडरग्राउंड माईन’ असं सांगितलेलं. गोव्याचं लोहखनिज निघालं ते उघड्या खाणींतून. पिंजरा नाही, शिडी नाही, अंधार तर नाहीच. दुपारी बारा वाजता तिथे इतकं ऊन असतं की टोपी विसरलेला माणूस दोन तासांत गप्प होतो.

मग बघायचं काय?

खड्डा. आमच्याकडे त्याला खंदक म्हणतात. काठावर उभं राहिलं की समोरचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला दिसतो. एकेक पायरी घराएवढी उंच, तिला खाणीतले लोक ‘बेंच’ म्हणतात. वर चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा तांबडा थर, त्याखाली पिवळट-गुलाबी माती, मग जांभळट-करडे पट्टे, आणि तळाला हिरवं-निळं पाणी. काही खंदक खणत खणत समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले आहेत. पलीकडे जी टेकडी दिसते ती टेकडी नव्हे. ते ‘रिजेक्शन’, म्हणजे खनिज काढताना बाजूला टाकलेली माती. एक टन माल काढायला साधारण अडीच-तीन टन माती हलवावी लागायची. इथल्या कितीतरी टेकड्या माझ्या वयाच्या किंवा माझ्याहून लहान आहेत.

गोव्यात भुयारी खाणी का झाल्या नाहीत?

गरजच पडली नाही आणि जमलंही नसतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. लाखो वर्षं हा पाऊस खडकातून झिरपत राहिला, सिलिका वाहून गेली, लोह मागे उरलं. त्यामुळे माल जमिनीजवळच सापडतो. तोही बराचसा भुसभुशीत. ‘ब्ल्यू डस्ट’ नावाची निळसर पूड मुठीत धरली तर बोटांच्या फटींतून पिठासारखी गळते. अशा मालात बोगदा काढला तर छत टिकणार कसं? शिवाय पाणी. खंदक जरा खोल गेला की चोवीस तास पंप चालवावे लागतात. आणि हा काही सोन्याचा माल नव्हे. हलक्या प्रतीचं खनिज, टनावारी विकायचं. त्यासाठी भुयार कुणाला परवडणार?

चालू खाणीत आत नेता का?

खाणीच्या हद्दीत शिरायला व्यवस्थापनाची परवानगी लागते, हेल्मेट-बूट लागतात. ती मिळाली तर जातो, नाही मिळाली तर सार्वजनिक रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढं बघतो. कुंपणातून वाकून शिरणारा माणूस माझ्यासोबत चालत नाही. ‘वॉचमन ओळखीचा आहे’ असं मला सांगू नका, तो माझ्याही ओळखीचा आहे.

दिवस कसा जातो?

सकाळी साडेआठला साखळी बसस्टँड. चहा, पातळ भाजी आणि उंडे (गोल पाव). तिथून हरवळे, मग खंदकाचा काठ, मग एक बंद पडलेली खाण, जिथे झाडं लावून जमीन पुन्हा हिरवी केलेली आहे. दुपारी जेवण. ऊन उतरल्यावर नदीकाठ, जेटी, आणि शेवटी नार्वेचं सप्तकोटेश्वर. पाच-साडेपाचला मोकळे. घड्याळ लावून चालत नाही. जेटीवर तासभर जास्त गेला तर देऊळ थोडक्यात आटपतो. उलटं करत नाही.

खाणीच्या सहलीत हरवळ्याच्या गुहा कशाला?

भुयाराची हौस तिथेच फिटवतो म्हणून. थट्टा बाजूला ठेवू. लोक त्यांना पांडवांच्या गुहा म्हणतात. चिऱ्यातच कोरलेली दालनं, आत शिवलिंगं. काहींच्या मते मूळ बौद्धांच्या. आत शिरून भिंतीवर तळहात टेकवा. छोट्या छोट्या भोकांचा खरखरीत दगड लागतो, थंड आणि किंचित दमट. हाच दगड तासाभरानंतर खंदकाच्या वरच्या पायरीत दिसतो. हाताने, छिन्नीने इतकं कोरायला किती दिवस गेले असतील आणि एक्स्कॅव्हेटरच्या एका बकेटीत किती जातं, हे दोन्ही एकाच सकाळी बघितलेलं बरं.

या दगडाला आपण चिरा किंवा जांभा म्हणतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश पाहणी अधिकाऱ्याने केरळातला असाच दगड बघून त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं, लॅटिनमध्ये वीट म्हणजे ‘लॅटर’ म्हणून. ताजा असताना कोयत्याने कापावा इतका मऊ, वाऱ्या-उन्हात कठीण. गोव्यातली निम्मी घरं त्याचीच.

गुहांशेजारी रुद्रेश्वराचं देऊळ आणि धबधबा. पावसात धबधब्याच्या तुषारांनी चष्मा पुसत बसावं लागतं, एप्रिलमध्ये मात्र बारीक धार.

‘ऐतिहासिक’ म्हणता, पण खाणी किती जुन्या?

कागदावर शंभर वर्षांहून जुन्या. पोर्तुगीजांचा वसाहतींसाठीचा खाण कायदा १९०६ चा. त्याखाली सरकार ‘टायटल ऑफ कन्सेशन’ द्यायचं, आणि ते कायमचं असायचं, मुदत नाही. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ‘टी.सी. नंबर’ असतो, पुढे आकडा आणि साल. खरं खोदकाम वाढलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानच्या पोलाद कारखान्यांना माल हवा होता तेव्हा. सुरुवातीला कुदळ, फावडं आणि डोक्यावरची पाटी. बायका पाट्या वाहायच्या. माझी आजी त्यांतली, तिच्या मानेच्या दुखण्याला घरात ‘खाणीचं दुखणं’च म्हणायचे.

१९६१ ला गोवा मुक्त झाला तरी कन्सेशनं तशीच राहिली. १९८७ च्या कायद्याने ती रद्द होऊन त्यांची लीज, म्हणजे मुदतीचे भाडेपट्टे झाले. आणखी एक गोष्ट मराठी माणसाला ठाऊक असावी: गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते. गावोगावी मराठी शाळा निघाल्या त्या त्यांच्याच काळात. मी शिकलो त्या शाळेच्या खिडकीतून ट्रकांची रांग दिसायची.

२०१२ ला नेमकं काय झालं? आता खाणी चालू की बंद?

थोडक्यात सांगतो, गाडीत बसल्यावर सविस्तर. चीनची मागणी वाढली, भाव चढले, २०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ ला निकाल लागला: लीजची मुदत २००७ सालीच संपलेली होती, त्यानंतरचं खोदकाम बेकायदा, पुढे वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा. सरकारने ८८ लीजचं नूतनीकरण केलं. तेही फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द झालं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. त्यानंतर लिलाव. लिलावात गेलेल्या पट्ट्यांपैकी डिचोलीत २०२४ साली काम सुरू झालं. म्हणजे सहलीच्या दिवशी रस्त्यावर ट्रक दिसले तर दचकू नका.

जेटीवर एवढा वेळ कशाला? तिथे तर काहीच नसतं, असं ऐकलं.

ज्याने सांगितलं तो घाईत होता. खाण म्हणजे खड्डा असं लोकांना वाटतं. मी काट्यावर बसायचो, मला खाण दिसली ती पावत्यांवर. माल डोंगरातून निघाला, रस्त्यावर आला, नदीत उतरला, जहाजात गेला. हा सगळा रस्ता पाहिला नाही तर नुसता खड्डा बघून काय कळणार?

काट्याचं काम असं. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, त्याचं एकूण वजन. रिकाम्या ट्रकाचं वजन आधी घेतलेलं असतं, ते वजा केलं की माल. पावतीवर वेळ, नंबर, खाण, जेटी. ड्रायव्हर खाली उतरत नाही, काचेतून हात बाहेर काढतो. तो हात कोपरापर्यंत तांबडा. फेरीमागे पैसे असल्याने प्रत्येकाला घाई, पाठीमागे हॉर्न चालूच. आपल्या इथला ट्रक साधारण दहा टनांचा. दोन हजार टनांची बार्ज (नदीतून माल नेणारी मोठी सपाट बोट) भरायची तर दोनशे फेऱ्या. दोनशे ट्रक, अरुंद रस्ता, आणि त्याच रस्त्यावरून शाळेला जाणारी पोरं तोंडावर रुमाल धरून. उसगाव-पाळी-आमोणे भागात रस्त्याकडेची आंब्याची पानं पहिल्या पावसापर्यंत हिरवी दिसायची नाहीत.

ट्रक प्लॉटवर माल ओततो. प्लॉट म्हणजे जेटीमागचं मोकळं आवार, तिथे ढीग. ढिगातून बार्जमध्ये. रिकामी बार्ज पाण्यावर उंच तरंगते, नाक वर करून. भरत जाते तशी बसत जाते, शेवटी तिची कड पाण्याच्या वीतभर वर आहे असं वाटतं. बार्जच्या अंगावर आकडे रंगवलेले असतात, किती बुडाली त्यावरून माल किती ते काढतात. माझ्या पावत्यांची बेरीज आणि त्या आकड्यांवरून आलेला हिशेब कधी तंतोतंत जुळला नाही. फरक कोणाच्या नावावर टाकायचा यावर दर आठवड्याला भांडण, आणि काट्यावरचा माणूस नेहमी सगळ्यात खालचा, हे वेगळं सांगायला नको.

बार्ज मांडवीतून खाली जाते, पणजीवरून, आणि मुरगाव बंदराकडे वळते. पावसाळ्यात आग्वादजवळचा वाळूचा पट्टा धोक्याचा होतो, नदीच्या तोंडातून बाहेर पडता येत नाही. मग कुंभारजुवेच्या कालव्यातून झुआरी नदीत जायचं आणि तिथून मुरगावला. तोच तो मगरींसाठी प्रसिद्ध असलेला कालवा.

खनिज हातात घेता येतं का?

माझ्या पिशवीत दोन तुकडे असतात. एक चिऱ्याचा, एक खनिजाचा, दोन्ही मुठीएवढे. आधी चिरा देतो, मग दुसरा. हात खाली जातो. प्रत्येकाचा जातो, सांगून ठेवलं तरी. शुद्ध हेमटाइट, म्हणजे इथलं मुख्य लोहखनिज, पाण्याच्या पाचपट जड, साधा दगड अडीचपटीच्या आसपास. मग फरशीच्या खरखरीत मागच्या बाजूवर तो घासून दाखवतो. दगड काळा, पण उमटणारी रेघ गेरूसारखी तांबडी. मुलांना हे फार आवडतं.

घरी न्यायला एक खडा मिळेल?

नाही. परवान्याशिवाय खनिज हलवणं हा गुन्हा आहे. एका खड्यासाठी कोणी पकडणार नाही हे मलाही कळतं, पण अकरा वर्षं पावतीशिवाय काही जाऊ दिलं नाही, आता तुमच्या खिशातून कसं जाऊ देऊ?

पावसाळ्यात येऊ का?

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. जून-जुलैमध्ये मी नेत नाही. रिजेक्शनच्या ढिगाऱ्यांची माती घसरते, पायवाटा साबणासारख्या होतात. एका जुलैत मित्राच्या आग्रहाखातर गेलो. टेम्पोचं मागचं चाक तांबड्या चिखलात अर्धं गेलं, चार जणांनी ढकललं, आणि चाकाने उडवलेला चिखल चौघांच्या दातांपर्यंत. मित्र पुन्हा आग्रह करत नाही. एप्रिल-मेमध्ये यायचं तर फक्त सकाळचा अर्धा दिवस.

कपडे कोणते घालावे?

पांढरे सोडून काहीही. ही धूळ धुतल्यावर गुलाबी होते, जात नाही. बंद बूट, टोपी, दोन बाटल्या पाणी, एक जुना रुमाल.

लहान मुलं, वयस्कर माणसं चालतील का?

आठ वर्षांवरची मुलं चालतील, पण खंदकाच्या काठावर प्रत्येक मुलाचा हात एका मोठ्या माणसाच्या हातात. वयस्करांना अडचण हरवळ्याच्या पायऱ्यांची; त्या सोडल्या तर बाकी चाल थोडी आहे. दमा असेल तर ट्रक चालू असलेल्या दिवशी येऊ नका, मला फोन करून विचारा. शौचालय सकाळी साखळीत आणि दुपारी जेवणाच्या ठिकाणी. मध्ये झाडं आहेत, बाकी तुम्ही समजून घ्या.

खंदकातलं पाणी इतकं सुंदर दिसतं. पोहता येईल?

नाही, नाही आणि नाही. काठ उभा तुटलेला, भुसभुशीत, पायाखाली लगेच खोल. एकदा आत गेलेल्याला वर यायला धरायला काही नाही. अशा खंदकांत माणसं बुडाली आहेत. पाय भिजवायलाही मी खाली नेत नाही.

जेवणाचं काय?

आमच्या ओळखीच्या घरी. शीत (भात), हुमण (माशांची आमटी), तळलेला मासळीचा तुकडा, सोलकढी. शाकाहारी असाल तर तोंडाक (कडधान्याची आमटी) आणि मिळालं तर खतखतें (मिश्र भाज्यांचं कालवण). आदल्या दिवशी संख्या सांगा, बाई ऐनवेळी वाढीव ताट करत नाही आणि तिचं बरोबर आहे. बुधवारी आलात तर डिचोलीचा बाजार लागतो, तिथली हिरवी मिरची घेऊन जा.

फोटो, ड्रोन?

मोबाईलने खुशाल काढा. ड्रोन नको, परवानगीच्या भानगडी फार. आणि जेटीवर काम करणाऱ्या माणसाला आधी विचारा. त्याचे फोटो काढून ‘धुळीतला चेहरा’ म्हणून टाकणारे बरेच झाले.

तुम्ही खाणीच्या बाजूचे की विरोधातले?

हा प्रश्न नेहमी जेवणानंतर येतो. आमच्या घरात दोन्ही आहेत. काट्याच्या पगारावर माझं घर उभं राहिलं, बहिणीचं लग्न झालं. मामाची वायंगण (पावसाळ्यानंतरच्या भाताची) शेती मात्र ढिगाऱ्यावरून वाहून आलेल्या गाळाखाली गेली. शेतात उभं राहिलं की पाय घोट्यापर्यंत तांबड्या चिखलात आणि भात पिवळं. खंदकातलं पाणी उपसलं की आजूबाजूच्या विहिरी मार्चमध्येच तळ दाखवायच्या. बंदी आली तेव्हा मामा काही दिवस बरा हसायचा. मग त्याच्या मुलाचा ट्रक दारात उभा राहिला, हप्ते चालू, आणि तोही हसायचा थांबला. त्या ट्रकाच्या हौद्यात आता त्याची कोंबडी अंडी घालते. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, येताना दाखवतोही.

मला एवढं ठाम वाटतं की धंदा चालू होता तेव्हा काट्यावरची नोंद वर कोणी नीट वाचली असती तर बंदीची पाळी आली नसती. न्यायालयाच्या आदेशाने आता विक्रीतला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी वेगळ्या निधीत जातो, ते चांगलंच झालं. बाकी मतं तुमची तुम्ही बनवा.

नार्वेचं देऊळ खाणीशी कसं जोडता?

जोडत नाही. दिवसाच्या शेवटी लोकांना बसायला सावली लागते. सप्तकोटेश्वर कदंब राजघराण्याचं दैवत, मूळ दिवाडी बेटावर होतं, पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केलं. नार्वेच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. ज्यांना वेळ आहे ते तिथून फेरीबोटीने दिवाडी करून जुन्या गोव्याला उतरतात, आणि फेरीवरून बार्ज जवळून दिसली तर दिवस वसूल.

आम्ही मडगावला उतरलोय. दक्षिणेत असं काही आहे का?

आहे, पण ती वेगळी सहल. केपे-सांगे भागात मँगनीजही निघायचं. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या सपाट कातळावर प्रागैतिहासिक कोरीव चित्रं आहेत: बैल, हरणं, माणसं, आणि एक गोल गोल चकव्यासारखी आकृती. १९९३ मध्ये गावकऱ्यांनी दाखवली तेव्हा अभ्यासकांना कळली. खाणपट्ट्याच्या अगदी लगत. वाटेत रिवणच्या गुहा. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, दुपारी रेषा दिसत नाहीत.

आम्हाला भुयारी खाणच बघायची आहे. कुठे जावं?

गोव्यातून एका दिवसात जाऊन येण्यासारखी नाही. नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफील्ड्सने २०१६ मध्ये कोळसा खाणीचं पर्यटन सुरू केलं, तिथे खरोखर जमिनीखाली नेतात. जाण्यापूर्वी चौकशी करून घ्या. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल होत्या, पण २००१ मध्ये बंद झाल्या.

पैसे किती आणि नाव कसं नोंदवायचं?

गाडीचं भाडं आणि जेवण, भागिले माणसं. माझे वेगळे पैसे घेतो, आकडा फोनवर सांगतो, गटाप्रमाणे बदलतो. सहापेक्षा कमी माणसं असतील तर जात नाही, बारापेक्षा जास्त घेत नाही. काठावर एवढ्यांवरच लक्ष राहतं. पणजीहून साखळीला कदंबची (गोव्याची सरकारी) बस मिळते, तासाभराची वाट. साडेआठ म्हणजे साडेआठ. पावणेनऊला गाडी सुटते, आणि पातळ भाजी त्याआधीच संपलेली असते.